एलईडी आणि सासूबाईंची ओपीडी

वीज वाचवली म्हणून मी माझ्याच गाडीत कंपाउंडर झालो.

झालं असं, की जुनी मिनीबस घेऊन मी तिच्यात पलंग, शेगडी, पडदे बसवले आणि तिचं फिरतं घर केलं. (माझी बायको सुनंदा त्याला फिरतं खूळ म्हणते.) आतले पिवळे बल्ब मात्र बघता बघता बॅटरी पिऊन टाकायचे. मग मारा धक्का! चांदीपच्या चिखलात धक्का मारताना सुनंदाने जाहीर केलं, "आता एकदा जरी बॅटरी उतरली ना, तर गाडी विकली म्हणून समजा!"

मी घाबरून वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये सगळे बल्ब काढून एलईडी लावून घेतले. रंग दोन होते, पिवळट आणि पांढरा. वीज तेवढीच लागणार, तर उजेड कशाला सोडा? मी सगळ्यांत पांढरे, सगळ्यांत झगझगीत उचलले.

पहिली सहल अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सोबत सासूबाई! तिन्हीसांजेला मी बटण दाबलं आणि गाडीचं ऑपरेशन थिएटर झालं. "अगं बाई, डोळे गेले!" म्हणत सासूबाई डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पलंगावर आडव्या झाल्या. आता बाहेरून काय दिसत होतं? पांढरी गाडी, पांढरा उजेड, हिरवे पडदे आणि आत एक पेशंट.

थोड्या वेळात एक मावशी पायरी चढून आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर आ वासला.

"डाक्टर, ही दाढ बघा."

"अहो, मी बँकेत आहे!"

"असा ना! बघाया काय जातंय?"

तेवढ्यात सासूबाई रुमाल फेकून उठल्या. (फुकट सल्ला द्यायची संधी त्यांनी आयुष्यात सोडलेली नाही.) "लवंग धर दाढेखाली. आणि गोड बंद!"

मावशी खूश! त्यांनी बाहेर जाऊन बोभाटा केला आणि रांगच लागली. गुडघे आले, खोकले आले, एकाने तर लंगडणारा बोकड आणला! मी हळूच दिवा मालवला.

बाहेरून आरडाओरडा. "डाक्टरची लाईट गेली! कोन हाय त्या घरात? तिथनं गाडीपातूर वायर वडा रे!"

"जावईबापू, दिवा लावा आधी!" सासूबाई गरजल्या. "रोगी ताटकळलेत!"

सुनंदा कानाशी पुटपुटली, "बॅटरी कधी उतरेल हो?"

"उतरतच नाही गं!"

उतरली तर गाडी जाणार, नाही उतरली तर आम्ही! मी मीटरकडे टक लावून बसलो. काटा हलायला तयार नाही. पिवळे बल्ब असते तर केव्हाच सुटलो असतो!

सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तरी सुनंदा म्हणाली, "विकूनच टाकू या."

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "रविवारी खोकलेवाल्याला परत बोलावलंय मी!"

गाडी वाचली. तेव्हापासून दर रविवारी मी दारात उभा राहून रांग लावतो आणि ओव्याच्या पुड्या बांधतो. मागच्या आठवड्यात मात्र माझं काम पाहून सासूबाईंनी मला बढती दिली.

बोकड आता मी बघतो!