थोरलीचा दांडका

चार बहिणींत ती मोठी, म्हणून घरात थोरली आणि पुढे दवाखान्याच्या धुलाईखान्यातही थोरलीच. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा गादीवर डाग पडला आणि बापानं पट्ट्यानं तिची पाठ सोलून काढली. आई एवढंच म्हणाली, "ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

लग्नानंतर पट्टा सुटला, लाथ आली. पोट दिसायला लागलं होतं तेव्हा नवऱ्यानं ती नेमकी पोटात घातली. मूल गेलं. सासूनं डॉक्टरांना सांगितलं, "मोरीत पाय घसरला." पुढे एक मुलगा झाला. ओल्या चादरींची ओझी उचलून उचलून तिचं अंग बाहेर यायला लागलं. ते आत ढकलायचं, फडकं घट्ट बांधायचं आणि कामाला उभं राहायचं. बाईच्या जातीला एवढं चालायचंच, असं सगळे म्हणत, तीही म्हणे.

नवरा दारूनं गेला. मुलगा मात्र थेट बापावर गेला.

एका दुपारी ती कामावरून आली, तेवढ्यात मुलानं गरोदर सुनेचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. कपाळ फुटलं. सून पोटाला दोन्ही हातांनी कवटाळून खाली पडली आणि त्यानं पाय उचलला.

थोरलीनं मोरीतला कपडे धोपटायचा दांडका घेतला आणि त्याच्या नडगीवर हाणला. कडकन आवाज झाला.

"आई गं!"

"इथंच आहे आई," ती म्हणाली आणि दुसरा हाणला.

सुनेला रिक्षात घालून तिनं दवाखाना गाठला. "माझ्या मुलानं मारलंय. पोलिसांना बोलवा. त्याचा पाय मी मोडलाय, तेही सांगा." टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. पण आजी, तुम्ही अशा तिरक्या का बसलात?"

मग तिच्या बाहेर आलेल्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

सासू-सुनेनं वेगळी खोली घेतली. नात झाली. पोलिसांनी सोडल्यावर मुलगा एक दिवस दाराशी आला, कडी वाजवत राहिला.

"आई, दार उघड. चुकलो मी."

थोरली आतूनच म्हणाली, "पाय बरा झाला का रे?"

"हो."

"मग चालता हो."