सोप्या कागदातून गळलेलं वाक्य

तमिळ मुलखात, ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावातल्या शाळेत मी तमिळ शिकवते. घरी आम्ही मराठी बोलतो, पण देवनागरी मी चाळिशीनंतर गिरवली. समोर अक्षरं असावीत आणि ती बोलू नयेत, म्हणजे काय होतं ते मला त्या वयात कळलं. त्यामुळे आठवीच्या वर्गात बोट ठेवून वाचणाऱ्या मुलांवर मला रागावता येत नसे.

वर्गात काहीजण वर्तमानपत्र घडाघडा वाचत आणि काहींना दुसरीचं पुस्तकही जड जाई. मग मी लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅमकडून एकाच धड्याचे तीन कागद करून घ्यायला लागले: मूळ, मधला आणि सोपा. मी राहते त्या शहरातल्या राजवाड्याजवळच्या दुकानात झेरॉक्स काढून सकाळच्या बसने घेऊन जायची.

एकदा कालव्याच्या पुराची गोष्ट होती. गाव वाचवायला एक शेतमजूर कालव्याचं दार उघडायला जातो आणि वाहून जातो. त्याची मुलगी काठावर उभी असते. सोप्या कागदात शेवटी आलं होतं, "गाव वाचलं. अप्पा दूर गेले." मी ते वाचलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. वर्गातल्या एका मुलीचे वडील वर्षभरापूर्वी शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेले होते. तिला सोपाच कागद मिळणार होता. मी ते वाक्य तसंच राहू दिलं.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा अख्खं पान न अडखळता मोठ्याने वाचलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मधल्या सुट्टीत ती दोन कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. एक तिचा, एक बाकावरच्या मैत्रिणीचा.

"टीचर, मैत्रिणीच्या कागदात अप्पा मेले. माझ्या कागदात दूर गेले."

"तुझा कागद सोपा केलाय, बाळ."

"मेले हा शब्द अवघड आहे?"

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तो मला वाचता येतो," ती म्हणाली. "आमच्या अप्पांचं श्रद्धांजलीचं पोस्टर बस थांब्याच्या भिंतीवर आहे. रोज वाचते मी. आधी नुसतं नाव यायचं, आता सगळं येतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्त लागलं. तिला वाचायला जड जातं, एवढंच मला माहीत होतं. तिला सोसवणार नाही, हे मी परस्पर ठरवलं होतं. प्रोग्रॅमने वाक्य बदललं असेल, पण ठेवलं मी होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तूच लिही ते."

माझ्याच खुर्चीत बसून, पेन घट्ट धरून, तिने शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "पाणी आलं. अप्पा मेले. गाव वाचलं." प्रत्येक वाक्यात दोनच शब्द. इतकं सोपं मला किंवा त्या प्रोग्रॅमला जमलं नव्हतं. पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, "हा घरी नेऊ? अम्माला वाचता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "वाचलास?"

"हो. अम्मा काही बोलली नाही. परत वाच म्हणाली. मग आणखी एकदा."

मी अजूनही तीन कागद करते. शब्द हलके करते, वाक्यं तोडते. घडलेलं मात्र तिन्हींत सारखंच ठेवते, आणि वाटण्याआधी शेवटपर्यंत वाचते. ती आता दहावीत आहे. आधी सोपा कागद मागते, तो संपला की मूळ. मूळ वाचताना अजून तिचे ओठ हलतात.