सुई टोचलेला बैल

नाशिकला ऑफिसात कुणी विचारलं, वडील काय करतात, की मी मुद्दाम सांगते, गिधाडांचं हॉटेल चालवतात. समोरच्याचा घास हातातच राहतो. मला ती तोंडं बघायला भारी आवडतं. मग मी डबा पुढं ओढते आणि सगळं सविस्तर सांगते, कुणाला ऐकायचं असो वा नसो.

आमचं गाव हरसूलकडच्या डोंगरात. गावामागच्या कड्यावर गिधाडं असायची, ती माझ्या शाळेच्या वयात दिसेनाशी झाली. मेलेली ढोरं माळावर कुजत पडायची, वाऱ्यासरशी वास घरात यायचा, आणि कुत्री तर अशी माजली की संध्याकाळी त्या वाटेनं जायची सोय राहिली नाही. कारण पुढं कळलं. गुरांना दुखण्यावर जी सुई टोचायचे ना, डायक्लोफेनॅकची, तीच मुळावर आली होती. सुई दिलेलं जनावर मेलं की ते औषध गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची.

सरकारनं ते औषध जनावरांना द्यायला बंदी घातली. आपले लोक काय कमी आहेत? माणसांच्या नावावर मोठ्या बाटल्या आणून बैलांना टोचायला लागले. तेव्हा सरकारनं माणसांची बाटलीच एका सुईपुरती करून टाकली. सरकारचं कौतुक करायची मला खोड नाही, रोज त्याच्याच एका कचेरीत बसते, पण ही अक्कल बघून मीसुद्धा मान डोलावली. पुढं तसलीच आणखी काही औषधं बंद झाली. गिधाडांना न बाधणारी सुई सरकारी दवाखान्यात मिळायला लागली. आणि आमच्याकडं वनखात्यानं गावच्या वन समितीला हाताशी धरून माळावर कुंपण घातलं, आत पाण्याचं टाकं बांधलं. मेलेलं जनावर तिथं नेऊन ठेवायचं, गिधाडांनी येऊन खायचं. गावानं त्याला लगेच हॉटेल म्हणायला सुरुवात केली. समितीचे अध्यक्ष माझे वडील, म्हणजे आमचे दादा.

गाई-म्हशींचं जमलं. बैलांचं अवघड होतं. जन्मभर राबलेला बैल आमच्याकडं स्वतःच्या शेतात पुरतात, मीठ घालून, हळदकुंकू वाहून. घरातलं माणूस गेल्यासारखं त्या दिवशी चूल थंड असते. दादा घरोघर जाऊन लोकांना समजावत राहिले. शेवटी त्यांच्या चुलतभावानं, आमच्या काकांनी, आपला म्हातारा बैल दिला. काका म्हणजे तोंडाचे फटकळ आणि मनाचे मऊ. बैल कुंपणात ठेवला आणि ते माळावरच बसून हमसून रडले. त्यांचं बघून मग बाकीच्यांनी बैल दिले. हळूहळू गिधाडं आली, कड्यावर राहायला लागली, आणि एका वर्षी घरट्यात पिल्लू दिसलं. दादा दिवसभर लोकांना ते पिल्लू दाखवत हिंडत होते, जसं काही नातवंडच झालंय.

आणि मग आमचाच बैल पडला. पावसाळ्यात बांधावरून घसरला आणि खांद्यातून मोडला. दादा त्या दिवशी वनखात्याच्या बैठकीसाठी नाशकात, माझ्याच घरी उतरलेले. ओढ्याला पूर, सरकारी डॉक्टर पलीकडं अडकलेले. बैल असा ओरडत होता की आईला घरात बसवेना. तिनं मोटारसायकलवर बॅग अडकवून फिरणाऱ्या एकाला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात, शिकलाय काय ते देव जाणे. त्यानं सुई टोचली. बैल शांत झाला आणि दुसऱ्या दिवशी मेला.

पूर ओसरला तसे दादा आणि मी गावी पोचलो. आईनं सगळं सांगितलं. दादांनी त्या माणसाला फोन लावला, कुठलं औषध दिलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, चांगल्या कंपनीचं होतं, आणि फोन ठेवून दिला. परत उचललाच नाही. दादा बराच वेळ बैलाजवळ बसले. मग उठून त्यांनी शेतात खड्डा खणायला घेतला.

गावानं ते पाहिलं आणि झालं! काका बांधावर येऊन उभे राहिले. चार माणसांत म्हणाले, "माझ्या बैलाला माती मिळू दिली नाय. सोतावर आलं तवा बरी माती आठवली." दादा खणत राहिले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! मी सांगायला पुढं झाले, तर दादांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसले. घरी गेल्यावर तणतणले त्यांच्यावर. ते म्हणाले, सुईचं सांगितलं तर आईचं नाव येणार. अध्यक्षाच्या बायकोनंच बंदीची सुई टोचून घेतली, हे गावभर होणार. लोकांनी मला बोल लावले तरी चालतील, तिला नको. मी म्हटलं, मग बैल कुंपणात ठेवला असता, कुणाला कळलं असतं? तर म्हणाले, गिधाडांना कळलं असतं.

आई चुलीपाशी होती. सगळं ऐकत होती.

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर दादांनी तीही गिळली असती. पण ग्रामसभेत काकांनी विषय काढला. अध्यक्षांनी पायउतार व्हावं आणि ते हॉटेलही बंद करावं, जो तो आपला बैल आपल्या मातीत पुरेल. बऱ्याच माना हलल्या. माझा जीव टांगणीला लागला. हॉटेल बंद झालं तर कड्यावरची पाखरं जाणार, आणि दादा उरतील गावात एक खोटा माणूस म्हणून. ते उठले आणि म्हणाले, मी पद सोडतो, पण ती जागा बंद करू नका. एवढंच. कारण काही सांगेनात.

तेव्हा बायकांतून आई उभी राहिली. माझी आई ग्रामसभेत जन्मात बोललेली नव्हती. पदर नीट केला आणि थेट काकांकडं बघून म्हणाली, "भाऊजी, सुई मी टोचून घेतली. हे नाशकाला गेले व्हते. औषध कोणतं ते आजून कळलं नाय, म्हणून यांनी बैल पुरला. तुम्ही बोलले, यांनी माझ्यापायी ऐकून घेतलं. आता मी ऐकते, बोला."

मग ती सगळ्यांकडं वळली. कुणाच्या जनावराला सुई दिली असेल तर सांगा, लाजू नका, जनावर शेतात पुरा, पण लपवून तिथं ठेवू नका, असं तिनं शांतपणे सांगितलं. खाली बसली तेव्हा मी तिचा हात धरला.

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"वैनी, बैल लय वरडत व्हता का?"

"होय भाऊजी. ऐकवत नव्हतं."

"मग मी बी टोचली असती," काका म्हणाले. आणि दादांचा राजीनामा घ्यायचा नाही, असं त्यांनीच सगळ्यांच्या आधी सांगितलं.

त्याच सभेत ठराव झाला, की जनावर आणताना कुठली सुई दिली ते सांगायचं, माहीत नसेल तर ते पुरायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. वनखात्यानं तो नियम कुंपणावर लावायला मागितला, तेव्हा फलकावर काय लिहायचं ते काकांनी सांगितलं आणि रंगाचा ब्रशही त्यांनीच धरला. सरकारी फलकांवर सक्त मनाई असते, दंड असतो, कलमं असतात. आमच्या फलकावर लिहिलंय: सुई टोचलेलं जनावर इथं आणू नये, टोचली असल्यास सांगावे, लाजू नये. माझ्या आईला लिहिता येत नाही, पण ते शब्द तिचे आहेत.