डाव्या हाताचे वीस फेरे

ती गेली त्या सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून उडीद भरडत होतो. जात्याचा खुंटा एक, त्यावर हात दोन. तिचा उजवा, माझा डावा. वीस फेरे झाले आणि मी थांबलो.

"तूच खेची ऱ्हायनी," मी म्हटलं.

"मना हात नुसता ठेयेल शे. फिरवतस ते तुम्हीन."

"मंग काढ हात. देखू."

"उद्या काढसू. आज उडीद सरू द्या," म्हणत ती हसली.

त्या हसण्यानंच माझा संशय पक्का झाला. "खोटारडी शे तू," म्हणालो आणि उठून ओट्यावर जाऊन बसलो.

चोपड्याकडे केळीच्या बागांमधून घड वाहण्यात माझी उमर गेली. घडाच्या दांड्यातून चीक गळतो. कपड्याला लागला की काळा डाग पडतो, कितीही घासा, जात नाही. लग्नानंतर पहिल्याच हंगामात ती वैतागून म्हणाली होती, "एकच खांदा खराब करा ना, दोन्ही कशाले?" मलाही पटलं. तेव्हापासून घड उजव्याच खांद्यावर. सदऱ्याचा उजवा खांदा डांबरासारखा, डावा कोरा. पुढं अंगाचंही तसंच झालं. उजवी बाजू दगड, डावीत जीव नाही. डाव्या हातानं पाण्याची बादली उचलली की मीच कलंडायचो. शेवटी कंबर धरली आणि मुकादमानं घरी बसवलं.

जळगावला एक व्यायाम सांगणारा डॉक्टर होता. तिनं मला एसटीत घालून त्याच्याकडे नेलं. त्याचे तळहात लोण्यासारखे. म्हणाला, आधी कमजोर बाजूला काम द्या. तिला जेवढं जमेल तेवढंच चांगल्या बाजूला, वर एकही नाही. ना गोळी, ना सुई. माणूस मला लबाड वाटला. चांगला हात आहे तोही बसवून ठेवायचा, आणि दोन्ही गेले की परत याच्याच दारात यायचं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "जोडीमा एक बैल दुबळा ऱ्हायना ते गडी कोनी चाल धरस? दुबळानीच ना?"

गावात गिरणी होती, तरी तिनं डाळ घरीच भरडायला काढली आणि रोज मला जात्यावर बसवलं. शेजारची अक्का कुंपणावरून विचारायची, "भाऊ, लुगडं धाडू का?" पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांत हात गळाला होता. महिना-दीड महिन्यात वीसवर गेला. एवढं आपोआप कसं होईल? ती खेचत असणार, दुसरं काय.

त्या दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाऊन ती आडवी झाली, ती उठलीच नाही. सकाळच्या घुश्शात मी जेवतानाही बोललो नव्हतो. सांजेला तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडोलहून आलेली पोरगी अंगण झाडत होती. उरलेले उडीद सुपात तसेच होते. मी जात्यापाशी बसलो आणि मूठभर उडीद त्याच्या तोंडात टाकले. रिकामं जातं फिरवत नाहीत.

"आबा! सुतकमा जातं?" पोरगी झाडू टाकून धावत आली.

"चूप बस."

खरं सांगतो, जातं अडावं असंच मला वाटत होतं. ती खेचत होती, मी बरोबर होतो, एवढं तरी माझ्याकडे राहिलं असतं. डाव्या हातानं खुंटा धरला. फिरलं. पाच झाले, दहा झाले. विसावा फेरा कालच्याइतकाच जड, कालच्याइतकाच हलका.

"काय व्हयनं आबा?" पोरीनं विचारलं.

"तुन्ही माय खरं बोलनी व्हती."

मग हात बदलला. उजव्यानं वीस फेरे दिले. सुपात उडीद बाकी होते, हातात जोर होता. वर एकही नाही. खुंटा सोडला.