साळूबाईचं देणं

पुण्याच्या कोर्टाने मला नादार ठरवलं, त्या दिवशी परतीच्या गाडीत मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे आधीच कबूल करतो. वकील म्हणाले होते, "सुटलात. आता कोणी तुमच्या दारात येऊन बसणार नाही." त्यांचं म्हणणं खरं झालं. दारात कोणी आलं नाही. पण लोणावळ्याच्या बाजारात मी ज्या दुकानापुढून जाई, तिथलं बोलणं थांबे, आणि मी पुढे गेलो की पुन्हा सुरू होई. देणं कायद्याने फिटतं, पण माणसाच्या शब्दाला एकदा बुरशी लागली की ती कोणत्या कोर्टात झटकून घ्यायची, हे मला वकिलांनी सांगितलं नव्हतं.

माझी गवताची वखार होती. मावळातल्या डोंगरउतारांवरचं गवत कापून आणायचं, यंत्रात दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईला घोड्यांच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा धंदा. मागच्या लढाईत पलटणीच्या घोड्यांना गवत लागे. त्या वर्षांत मला एवढा पैसा मिळाला, की तो कायमचाच मिळणार असं मी धरून चाललो. यंत्र कर्जाने घेतलं, जागा कर्जाने घेतली. आंदर मावळातल्या शेतकऱ्यांचं गवत नुसत्या शब्दावर उचललं. लढाई संपली, मुंबईत मोटारी वाढल्या, भाव बसला, आणि एका पावसाळ्यात वखारीचं छप्पर गळून सगळ्या गाठी काळ्या पडल्या. कोर्टाने यंत्र, तराजू, जागा विकली आणि ज्यांच्याकडे कागद होते त्यांना थोडंथोडं वाटलं. आंदर मावळातल्या त्या बारा-तेरा घरांकडे कागदच नव्हता. त्यांच्याकडे माझा शब्द होता. त्यांना काहीच मिळालं नाही, आणि त्यांची नावं मी कोर्टात सांगितलीही नाहीत. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याच वर्षी आषाढात आमची मुलगी कुसुम तापाने गेली. सात वर्षांची होती. तिच्याबद्दल फार लिहिणं मला अजून जमत नाही. एवढंच लिहितो, की सरणाची लाकडं आणायला मी लाकडाच्या वखारीत गेलो तेव्हा वखारवाल्याने मान खाली घालून म्हटलं, "रोख असतील तर देतो. राग मानू नका." हा माणूस दर दिवाळीला माझ्या घरी फराळाला येत असे. मी परत घरी आलो. बायकोने नाकातली नथ काढून माझ्या हातावर ठेवली. लाकडं आली ती ओली होती. पाऊस थांबत नव्हता. पुढचं मी सांगत नाही.

त्यानंतर मी देवाचं नाव घेणं सोडलं. बायको तुंगार्लीच्या एका बंगल्यात भांडी घासायला जाऊ लागली. मी घरात पडून राही. आणि पडल्यापडल्या माझ्या मनात एक गोष्ट घर करू लागली. चांगल्या दिवसांत आंदर मावळातल्या एका गावी भैरवनाथाच्या देवळाला मी पितळी घंटा दिली होती. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. दहा-बारा शेर वजनाची घंटा, तिच्यावर माझं नाव कोरलेलं. मला वाटू लागलं, मी देवाला दिलं, देवाने माझं सगळं नेलं, तर मग माझी वस्तू मी परत का घेऊ नये? पितळ तळेगावात विकता येईल, दोन महिन्यांचं भाडं सुटेल. पण खरं सांगायचं तर भाडं हे निमित्त होतं. मला देवाचा सूड घ्यायचा होता.

पितृपंधरवड्यात एक दिवस वडगावच्या स्टेशनावर उतरलो आणि टाकव्यावरून चालत निघालो. कोटाच्या खिशात पाना होता. घंटा आढ्याला नटबोल्टाने बसवली होती, बसवताना मीच उभा होतो, म्हणून काय लागेल ते मला ठाऊक होतं. दुपारी गावात पोचलो तर माणसं भातात होती. देऊळ रिकामं. मी देवाकडे पाठ केली. कोपऱ्यातला लाकडी ओंडका उभा करून त्याच्यावर चढलो आणि नट फिरवू लागलो. शेवटचा आटा सुटला आणि घंटा माझ्या हिशेबापेक्षा जड निघाली. ओंडका घसरला. मी खाली पडलो आणि घंटा माझ्या उजव्या पावलावर आली. तिचा आवाज सगळ्या खोऱ्यात गेला असेल.

सगळ्यांच्या आधी आली ती साळूबाई. देवळामागेच तिचं खोपट होतं. एकटी विधवा बाई, गवताच्या माळाखेरीज तिला दुसरं उत्पन्न नव्हतं. माझ्याकडे तिचे त्रेचाळीस रुपये बुडाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, वर मोकळ्या आढ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीत अजून घट्ट धरलेला पाना पाहिला. ती खाली बसली, माझी बोटं एकेक करून सोडवली, पाना घेतला आणि कमरेला खोचून वरून पदर घेतला. तेवढ्यात गुरव आणि चार-सहा माणसं धावत आली. त्यांत राघूआबा होते. त्यांचे पैसे बुडाले म्हणून त्यांना बैल विकावा लागला होता, ते मला नंतर कळलं.

"ह्यो तर गवतवाला शेट!" राघूआबा म्हणाले. "आता हितं काय उरलंय न्यायला? लोळू द्या त्याला हितंच."

"दर्शनाला आलता," साळूबाई म्हणाली. "घंटा निसटली. पायावर निभावलं, डोक्यात बसती तर देवळात मुडदा पडला असता. उचला, माझ्या घरात न्या."

"तुझ्या घरात? तुझं बुडवलंय त्यानं!"

"मला ठावं न्हाई व्हय? उचला आधी."

त्यांनी मला उचललं. हाताळणी हलकी नव्हती, आणि ती तशी नसावी हेच योग्य होतं.

पावलाची हाडं मोडली होती. गावातल्या एका म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, सव्वा महिना पाय टेकायचा नाही. वडगावला जाणाऱ्या कोणाकडून तरी साळूबाईने बायकोला निरोप धाडला. मी त्या खोपटात पडून राहिलो. गावकऱ्यांनी घंटा चार दिवसांत पुन्हा टांगली. रोज सकाळी ती वाजली, की मी तोंडावर घोंगडी ओढून घेत असे. साळूबाई मला नाचणीची भाकरी देई, कधी तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, कधी नुसतं मीठ-मिरची. तिचा स्वतःचा घास त्यातून निघत होता, हे मला दिसत होतं. ती मला अजून "शेट" म्हणे, आणि त्या शब्दाने मला पायापेक्षा जास्त ठणका लागे. घंटेविषयी ती कधी बोलली नाही. मीही बोललो नाही. कोर्टात माझी झडती झाली होती, बाजारात झाली होती, पण त्या खोपटात कोणी काही विचारत नव्हतं आणि तिथेच मला लपायला जागा उरली नाही. एक दिवस ती बाहेर गेली असताना मी पहिल्यांदा कुसुमसाठी मोठ्याने रडलो. लाकडं ओली होती, लाकडं ओली होती, एवढंच मी बोलत होतो. रडून झाल्यावर पाहिलं तर साळूबाई दारात बसली होती. केव्हा आली होती कोण जाणे. "आता च्या करते," एवढंच म्हणून ती उठली.

कार्तिक लागला. मी काठी टेकत चालू लागलो. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला माळाच्या कडेला नेलं. गवत छातीएवढं उभं होतं, वर पिवळं पडू लागलं होतं.

"कदी येताय कापायला?" तिने विचारलं.

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. "मावशी," मी म्हणालो, "मी नादार आहे. माझ्यापाशी विळा घ्यायला पैसा नाही. तुमचे आधीचेच देता आले नाहीत."

"त्ये वायलं. ह्ये गवात तर उभं हाय ना? दुसरा कोन येतोय हिकडं? न्हाई कापलं तर फाल्गुनात वणवा लागंल, जळून जाईल. जळन्यापरीस तुमी न्या. विकलं तर द्या पैसं."

"आणि नाही दिले तर?"

तिने गवताची एक काडी तोडली. "तर गेलं म्हनायचं. वणव्यानं नेलं आसतं, त्ये तुमी नेलं."

भैरवनाथाने मला तेव्हा दर्शन दिलं, असं मी म्हणणार नाही. आकाशात काही झालं नाही. माळावर वारा होता आणि एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून उभी होती. पण महिनोन्महिने माझ्या छातीत जे आवळून बसलं होतं ते त्या क्षणी सैल झालं. मी जगात कोणाच्याही भरवशाचा उरलो नव्हतो, आणि ज्या बाईचं मी बुडवलं होतं आणि जिच्या देवाच्या दारी मी चोरी करायला आलो होतो, तिने स्वतःचं वर्षाचं गवत माझ्यासमोर ठेवलं होतं. मी तिथेच खाली बसलो. देवळाची दिशा कुठली हे मला माहीत होतं. त्या दिशेला मी डोकं टेकलं.

साळूबाईच्याच विळ्याने ते गवत मी स्वतः कापलं. बायकोही आली, तिनेही विळा धरला. लोणावळ्याला आणून मी ते टांग्यांच्या अड्ड्यावर विकायला बसलो. ज्या स्टेशनातून माझ्या गाठींचे डबे सुटत, त्याच स्टेशनाबाहेर मी पेंढ्या मांडून बसू लागलो. पहिले चार दिवस कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी कासमभाई आले. त्यांचे चार टांगे होते. त्यांनी पेंढी उलटीपालटी केली, वास घेतला, आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या काट्यावर दोनदा तोलली. रोज तसंच करत. मला ते झोंबे, पण तो अविश्वास मीच पेरला होता. त्या हंगामाचे पैसे आले ते मी घरी न नेता आधी साळूबाईकडे नेले. तिने त्या वर्षीच्या गवताचे तेवढे घेतले. जुने द्यायला लागलो तर हात मागे घेतला. "माझं शेवटी. आदी राघूचं द्या. त्याचा बैल गेलाय."

पुढच्या वर्षी राघूआबा स्वतः अड्ड्यावर आले, लांब उभे राहिले, आणि जाताना म्हणाले, "माझाबी माळ हाय. बघा." अशी एकेक घरं परत आली. कायद्याने माझ्यावर कसलंही देणं नव्हतं, त्यामुळे कोणी पावती मागितली नाही. फेडायला नऊ वर्षं लागली. त्या काळात आम्ही एकच वेळ जेवलो असे महिने होते. बायकोची तब्येत भांडी घासून मोडली, ती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. फेडीचं पुण्य मला लागलं असेल तर किंमत तिने मोजली आहे, हेही इथे लिहिलं पाहिजे. एके दिवशी सकाळी मी पेंढ्या घेऊन गेलो तेव्हा कासमभाई घोड्याला खरारा करत होते. मागे न बघता म्हणाले, "तोलायला नको. उतरवा." मी पेंढ्या उतरवल्या आणि घरी येऊन बायकोला ते शब्द सांगितले. तिने ते मला पुन्हा म्हणायला लावले.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, साळूबाईच्या दारात बसलो असताना मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी दर्शनाला आलो नव्हतो."

"पाना तुमच्या हातात व्हता की," ती शेंगा सोलत म्हणाली.

"मग तुम्ही खोटं का बोललात? देवळात बसून?"

तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "तुमचा पाय मोडला व्हता," ती म्हणाली. "मंग काय करायचं व्हतं?"

यापलीकडे तिच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि पुढे मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पोथ्या वाचल्या, तरी यापलीकडचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

शेवटच्या घराचे पैसे फिटले तो श्रावण होता. आता साळूबाईचे त्रेचाळीस घेऊन जायचं ठरवलं. नदीला पाणी होतं, वाट बंद होती, आठ-दहा दिवस थांबावं लागलं. पोचलो तेव्हा खोपटाचं दार दोरीने बांधलेलं होतं. राघूआबा भेटले. "शेट, सा दिस झालं," ते म्हणाले. "लय तरास न्हाई झाला तिला." तिला मागे कोणी नव्हतं. मी पैसे राघूआबांपुढे केले, तर ते दोन पावलं मागे सरले. "आमी कसं घ्यावं? त्ये तुमचं आन तिचं." देवळात ठेवावे असं मनात आलं, पण पायरीपाशी थांबलो. देवाशी देण्याघेण्याचा व्यवहार करायची माझी जुनी खोड होती आणि तिचा परिणाम मी पाहिला होता. मी नुसता हात जोडून उभा राहिलो. ते पैसे घरखर्चात गेले. बायकोच्या औषधाला गेले.

म्हणजे साळूबाईचं देणं राहिलंच. पूर्वी मला वाटे, की सगळ्यांचं फेडून मान वर करून उभं राहणं म्हणजे माणसात येणं. तसं उभं राहायला मला मिळालं नाही, आणि आता त्याचं दुःख नाही. फेडता येईल तेवढं झिजून फेडावं, आणि जे फिटणारच नाही त्याच्या ओझ्याखाली निमूट वाकून राहावं. शरण जाणं याहून वेगळं काही असेल तर ते मला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी अंथरुणातून उठताना उजवं पाऊल जमिनीला टेकतं आणि दुखतं. तेव्हा मी तिचं नाव घेतो, मग देवाचं.