खुर्चीतून उठताना

माझी नात व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी व्हिडिओंचा साठा करते आहे. हात न टेकता खुर्चीतून उठणारी म्हातारी तिला हवी होती, म्हणून मी बसले. तिसऱ्या वेळी उठताना गुडघा लटपटला. मी तिचा दंड पकडला म्हणून वाचले.

"आज्जी! लागलं का?"

"तू कुठे बघत होतीस?"

"तुझ्याकडेच की."

"फोनमधल्या माझ्याकडे. पडत होती ती इकडची."

शिकवणाऱ्याची नजर हलली, तर हाडं शिकणाऱ्याची मोडतात. पोराला चालायला शिकवणारी आई दुसरीकडे बघत नाही.

नातीने फोन स्टुलावर उभा केला आणि हात पसरून माझ्यासमोर वाकली. "आता ऊठ."

मी उठले. व्हिडिओत माझ्यापेक्षा तिची पाठच जास्त दिसते. शिकवणाऱ्यांनी तीच बघावी.