व्हेनली आणि कांद्याची गोणी

नव्वदच्या दशकात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मी माथाडींना इंग्रजी शिकवायचो. दुपारी माल उतरला की एका गाळ्यात तेरा जण वह्या घेऊन बसायचे. सगळे साताऱ्याकडचे, एकेकाचा खांदा म्हणजे खंबाटकीचा घाट. माझी तब्येत अशी, की पंखा लावला की मी फळ्याला धरून उभा राहायचो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर धड्यात 'व्हेनली' आलं.

"म्हणजे व्यर्थ," मी म्हणालो. "जिवाचा आटापिटा केला, तरी जमलं नाही."

"जमलं न्हाई असं कसं?" टोळीचा मुकादम म्हणाला. "आनखी दोघं लावायची."

बस पकडण्यापासून डास मारण्यापर्यंत तीन दिवस मी उदाहरणं दिली. प्रत्येकाला उत्तर एकच, आनखी दोघं लावा. चौथ्या दिवशी मुकादमाने सांगून टाकलं, "मास्तर, आज समजलं तर ठीक. न्हाईतर उद्यापासनं या वक्ताला आमी झोपनार."

अख्ख्या नव्या मुंबईत मला मास्तर म्हणणारी तेवढीच तेरा माणसं होती.

"बघा," मी बाह्या सारल्या. "ही गोणी मी उचलायला बघणार आणि ती हलणार नाही. त्याला व्हेनली म्हणतात."

वाकलो. आत कांदे नव्हते, अर्धं लोणंद गाव भरलं होतं. पण एक गोष्ट मी विसरलो होतो. कुणी गोणीला वाकला, की शेजारच्याने न विचारता हात लावायचा, हा माथाडींचा धर्म. चारही बाजूंनी हात आले आणि गोणी माझ्या पाठीवर.

"जमलं की, मास्तर."

"खाली घ्या."

"मधी टेकवायची नसती. थेट थप्पीवरच."

गोण्यांची थप्पी गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे साधारण पुण्याला होती. वाटेत मी तीनदा गुडघे टेकले. तिन्ही वेळा मागून कुणीतरी प्रेमाने हात लावून मला उभं केलं. चौथ्यांदा गोणी एका अंगाला कलवायला गेलो, तर तीही सरळ केली.

तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणारा एक म्हातारा हळूच म्हणाला, "मास्तर कवाधरनं गोनी टाकाय बघत्यात. व्हेनली."



"आस्सं व्हय," मुकादम म्हणाला. "मग आदीच न्हाई का सांगायचं?"

आणि विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून तेराही जण वह्यांकडे धावले. गोणी माझ्या पाठीवरच राहिली.

क्लास वाचला. पुढचे दोन धडे मी पालथा पडून शिकवले.